पुणे-मुंबईकडची जुनी खून प्रकरणे अभ्यासताना दंतकथा आणि पुरावा वेगळा कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाजलेल्या जुन्या खुनांबद्दल वाचायला घेतले की दर ठिकाणी निराळी हकीकत मिळते, मग खरी कोणती मानायची आणि सुरुवात कुठून करायची?

माझे उत्तर असे. मृत्यूच्या सर्वांत जवळचा कागद आधी शोधा, तो कोणी लिहिला आणि किती दिवसांनी लिहिला ते पाहा, आणि प्रकरणातले सर्वांत प्रसिद्ध वाक्य सर्वांत शेवटी तपासा. बहुतेक वेळा तेच वाक्य मागाहून चिकटलेले असते.

नारायणराव पेशव्यांचा खून घ्या. शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, शके १६९५. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात घुसले. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग आणि तुळाजी पवार ही नावे सगळीकडे येतात. नारायणरावांना वाचवायला अंगावर आडवा पडलेला चापाजी टिळेकरही मारला गेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, दोष नारायणरावांचे काका राघोबादादा यांच्यावर ठेवला आणि स्वतः पदावरून दूर झाले. इतक्या गोष्टी भक्कम आहेत. पण लोकांना या खुनातले काय आठवते? 'ध चा मा'. राघोबादादांनी 'धरावे' लिहिले आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले.

तो कागद आज उपलब्ध नाही. ज्या कागदावर आरोप उभा आहे तोच नसेल, तर त्या हकीकतीला पुरावा म्हणता येत नाही, ती ऐकीव माहिती ठरते. शिवाय नुसते अक्षर बदलून भागत नाही, 'मा'ला कानाही हवा. म्हणजे खाडाखोड दिसायला हवी, आणि ती पाहिली असे सांगणारा साक्षीदार हवा. पुढचा प्रश्न मला याहून महत्त्वाचा वाटतो: ही हकीकत खरी धरली तर फायदा कोणाचा? राघोबादादा 'फक्त धरायला सांगितले होते' एवढ्यावर सुटतात आणि खुनाचा भार बायकोवर जातो. आनंदीबाई निर्दोष होत्या असा याचा अर्थ नाही. त्यांच्यावरचा आरोप दुसऱ्या कशाने तरी सिद्ध व्हायला हवा, एवढाच याचा अर्थ.

या काळात उतरायचे असेल तर मोडी वाचता येणे आणि तारखा फिरवता येणे, दोन्ही हवे. मूळ कागद पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, रुमालांत बांधलेले आहेत. मोडी येईपर्यंत गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात छापून काढलेले निवडक कागदांचे ४५ खंड देवनागरीत वाचता येतात. भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा साठा आहे. तारखेत घोटाळा नेहमीचाच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंत ७९ मिळवावे लागतात. पत्रांवर बऱ्याचदा शक नसतोच. 'अर्बा सबैन मया व अलफ' अशी सुहूर सनाची, म्हणजे त्या काळच्या दफ्तरी कालगणनेची, अरबी शब्दांतली संख्या असते: चार, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७४. सुहूर सन मृगापासून, जूनच्या सुरुवातीला बदलतो. जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेच्या कागदाला ६००. इथे चूक झाली की मे महिन्याचे पत्र एक वर्ष मागे जाते, आणि खुनानंतरचा मजकूर खुनाआधीचा कट वाटू लागतो. 'छ' या खुणेपुढे येते ती मुसलमानी महिन्याची चंद्रतारीख. ती तिथीशी ताडून पाहिली की हिशेब बरोबर आला की नाही ते लगेच कळते.

इंग्रजी अमदानीत आलात की कागद वाढतात, पण सापळेही वाढतात. मुंबई शहरातले खुनाचे खटले १९४८ मध्ये शहराचे सत्र न्यायालय होईपर्यंत उच्च न्यायालयातच ज्युरीपुढे, म्हणजे निवडलेल्या नागरिकांच्या पंचमंडळापुढे, चालत. ज्युरी 'दोषी' किंवा 'निर्दोष' एवढेच सांगते, कारणे देत नाही. त्यामुळे या खटल्यांत आज अपेक्षित असते तसे सविस्तर निकालपत्र शोधून सापडत नाही. शोधायचे असते ते न्यायाधीशांनी ज्युरीपुढे मांडलेले समालोचन आणि वर्तमानपत्रांनी रोजच्या रोज छापलेल्या साक्षी. बावला खून खटला याचा उत्तम नमुना. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर व्यापारी अब्दुल कादर बावला यांची मोटार अडवून त्यांना गोळ्या घातल्या आणि इंदूर दरबार सोडून आलेल्या, सोबतच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार केले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले नसते, तर हल्लेखोर जागेवर सापडलेच नसते. खटला न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे चालला, तिघांना फाशीची शिक्षा झाली, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी चौकशी आयोगाला सामोरे जाण्याऐवजी गादी सोडली. आता काळजीपूर्वक वाचा: महाराजांवर खुनाचा खटला कधीच चालला नाही. गादी सोडणे हा राजकीय निर्णय होता, त्याला न्यायालयाचा निष्कर्ष म्हणता येणार नाही. हल्ल्याचे सूत्र इंदूरकडे जाते हे एक विधान, आणि अमुक व्यक्तीने हुकूम दिला हे दुसरे. पहिल्याला पुरावा आहे. दुसरे बहुतेक लेखक गृहीत धरून लिहितात.

नानावटी प्रकरणातही असेच एक वाक्य चिकटले आहे: 'या खटल्यामुळे भारतातली ज्युरी बंद झाली.' नौदल अधिकारी नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर केलेला २७ एप्रिल १९५९ चा गोळीबार, ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष'चा कौल, तो अमान्य करून सत्र न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाकडे पाठवलेले प्रकरण, तिथे जन्मठेप, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयात ती कायम. इथवर सगळे बरोबर. पण ज्युरी देशभर सर्व जिल्ह्यांत कधी नव्हतीच, राज्यांनी ती टप्प्याटप्प्याने काढली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. या प्रकरणात खरोखर अभ्यासण्यासारखी गोष्ट आहे ती टॉवेल. झटापटीत गोळ्या सुटल्या असे बचावाचे म्हणणे होते, आणि नुकत्याच आंघोळ करून आलेल्या आहुजांच्या अंगावरचा टॉवेल जागचा हललेला नव्हता. अशी एक वस्तू दहा भाषणांपेक्षा जास्त बोलते.

आता ज्या खटल्यापासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते तो: अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य, एआयआर १९६० एससी ५००. (हा संदर्भ असा वाचायचा: ऑल इंडिया रिपोर्टर, १९६० चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पान ५००. निकाल स्वतः डिसेंबर १९५९ चा आहे. खंडाचे वर्ष आणि निकालाचे वर्ष यांत गल्लत करू नका.) सर्वोच्च न्यायालयाचे १९५० पासूनचे निकाल न्यायालयाच्याच संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

पुण्यातली एक सधन विधवा, मधुमेह आणि क्षयाची रुग्ण. तिच्याच घरात राहणारा तिचा डॉक्टर, लागू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तो तिला पॅसेंजरने मुंबईला घेऊन निघाला. गाडी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी बोरीबंदरला आली तेव्हा ती बेशुद्ध होती. पावणेसहाच्या सुमारास जी. टी. रुग्णालयात दाखल, तेही तिच्या प्रचलित नावाऐवजी दुसऱ्याच नावाने. दुपारच्या आत मृत्यू. सोबत आलेल्या डॉक्टरने फिट्सचा त्रास असल्याचे सांगितले आणि रुग्णालयाच्या कागदावर शेवटी कारण आले मधुमेहामुळे आलेली बेशुद्धी. मृतदेह न्यायला भाऊ येईल असे पत्र आले, पण कोणी आले नाही. शवविच्छेदन झाले ते २३ नोव्हेंबरला, १० दिवसांनी. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही.

इथे केवळ मृत्यूचा दाखला वाचणारा अभ्यासक 'नैसर्गिक मृत्यू' लिहून पान उलटेल. मृत्यूच्या जवळचा कागद आधी शोधा म्हणतो, तेव्हा त्यावर आंधळा विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. त्या कागदाला माहिती कोणी पुरवली ते पाहायचे. बेशुद्ध बाई काही सांगू शकत नव्हती, आणि पूर्वेतिहास सांगणारा एकच माणूस होता, लागू. न्यायालयाने मधुमेही बेशुद्धीची लक्षणे एकेक करून ताडली आणि ती जुळत नाहीत असे ठरवले. मग मृत्यूनंतरचे वागणे पाहिले. बाई जिवंत आहे, लग्न करून जोशी आडनावाच्या गृहस्थाबरोबर जयपूरकडच्या राठोडी गावी राहते, अशी तिच्या नावाची पत्रे नातेवाइकांना येत राहिली, आणि मधल्या काळात तिचे शेअर आणि बँकेतले पैसे लागूकडे वळत गेले. ती मेली हे ज्याला नक्की ठाऊक होते, तोच ती जिवंत असल्याचे भासवत होता. विष सापडले नाही, कोणते तेही ठरले नाही, तरी दोन विरुद्ध एक अशा मताने फाशी कायम झाली.

हा निकाल वाचताना क्रम उलटा ठेवा. आधी न्यायमूर्ती सरकार यांचे अल्पमताचे निकालपत्र, मग न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेले बहुमताचे. बहुमत आधी वाचले की साखळी इतकी घट्ट वाटते की तिच्यातली ढिली कडी दिसतच नाही.

त्याच्या जोडीला पुण्याचाच १९८२ चा विषबाधेचा खटला वाचा, एआयआर १९८४ एससी १६२२. तिथे पोटॅशियम सायनाइड सापडले होते, खालच्या दोन्ही न्यायालयांनी दोषी ठरवले होते, तरी सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. आरोपीजवळ ते विष होते हे सिद्ध झाले नाही आणि आत्महत्येची शक्यता नाकारता आली नाही. परिस्थितीजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्या आज प्रत्येक खटल्यात उद्धृत होतात त्या याच निकालातल्या. एकीकडे विष नाही आणि फाशी, दुसरीकडे विष आहे आणि सुटका. हे दोन निकाल शेजारी ठेवून समजले की बाकीची प्रकरणे वाचणे सोपे जाते.

कागद मिळवण्याबद्दल एक उपयोगी गोष्ट. सत्र न्यायालयाचे जुने दप्तर नियमाप्रमाणे काही वर्षांनी नष्ट होते, त्यामुळे तिथे हेलपाटे घालून निराशा पदरी येते. पण फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. म्हणून सत्र न्यायालयाने फाशी दिलेल्या खटल्याचा माग आधी उच्च न्यायालयात काढा. तपशिलासाठी उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयापेक्षा सहसा अधिक कामाचा, कारण वर गेल्यावर पुरावा पुन्हा मुळापासून सहसा तोलला जात नाही.

वर्तमानपत्रे वाचताना 'आरोपीने कबुली दिली' या मथळ्यापाशी थांबा. पोलिसांपुढची कबुली १८७२ च्या पुरावा कायद्याप्रमाणे ग्राह्य नव्हती आणि आजच्या कायद्यातही नाही. त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग पुराव्यात येतो. मथळ्यातली कबुली पुढे न्यायालयात टिकली का, हे पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका.

आणि वही ठेवाच. पानावर पाच रकाने: केव्हा घडले, काय घडले, कोण सांगतो, त्याने हे प्रथम केव्हा सांगितले, त्यात त्याचा काय लाभ. चौथा रकाना सगळे टाळतात आणि तोच सर्वांत जास्त कामाला येतो. लागू खटल्यासाठी १२ नोव्हेंबरची रात्र ते २३ नोव्हेंबर एवढेच दिवस घ्या आणि तासातासाने भरा. दुसऱ्या रकान्यातल्या किती नोंदींपुढे तिसऱ्या रकान्यात फक्त 'लागू' असे येते, ते मोजा.