गावच्या तलावाला पाणी तपासणारं स्वयंचलित यंत्र कशाला? महिन्यातून एकदा बाटली भरून प्रयोगशाळेत दिली तर चालत नाही का?

नाही चालत.

लातूर जिल्ह्यातल्या एका साठवण तलावावर बोयावरची, म्हणजे पाण्यात तरंगत बांधलेल्या खुणेवरची, पाणी तपासायची यंत्रणा सांभाळायचं काम मी दोन वर्षं केलं. मामा तिथल्याच मच्छीमार सोसायटीत. पोळ्याच्या आधी पाच-सहा दिवस आभाळ भरून होतं, वारा पडलेला, पाणी हिरवंगार. पहाटे पाचला मोबाईलवर रिडिंग आलं : विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 1.4 मिलिग्रॅम. आंघोळीच्या पाण्यालासुद्धा निदान 5 लागतो. मामांना फोन लावला, तर ते थर्माकोलवर बसून आत गेलेले. म्हणाले, "कटला सगळा वर येऊन तोंड उघडायलाय रे."

साहेब साडेअकराला आले. तोवर ऊन पडलं होतं. काठावरून बाटली भरली, तपासणीत 8 निघाला. "तुमचं यंत्र खोटं बोलतंय," सगळ्या सोसायटीसमोर म्हणाले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून रात्री मोटारी लावून पाणी उपसून परत तलावातच फवारायची परवानगी मी मागितली होती, ती मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी काठाला रोहू-कटल्याचा पांढरा पट्टा लागला. तोंडं उघडी, कल्ले फाकलेले.

दोन्ही रिडिंग खरीच होती. शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच ओढून घेतं. सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी, आणि त्या वेळी तलावावर यंत्राशिवाय कोणी नसतं. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हापासून धरण किती टक्के भरलं हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगतं. भरलेलं पाणी कसं आहे, ते मात्र कोणी विचारत नाही.

यंत्र घ्यायचंच तर पुसणारा ब्रश असलेला ऑप्टिकल प्रोब, म्हणजे प्रकाशाच्या मदतीनं ऑक्सिजन मोजणारी कांडी, घ्या. सोबत तापमान, पीएच, गढूळपणा, वाहकता, बास. बोया काठाला नको, खोलात बांधा. खरेदीच्या आधी देखभालीचा पैसा बाजूला काढा, कारण प्रोबवर शेवाळ चढलं की रिडिंग खरंच चुकतं. आमचंही एका उन्हाळ्यात चुकलं होतं.

आणि हो, यंत्राला जंतू दिसत नाहीत. पिण्याचं पाणी असेल तर कोलिफॉर्म जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेत द्यावीच लागते. ऑक्सिजनसाठी भरणार असाल तर मात्र उजाडायच्या आत भरा, ऑक्सिजन बांधून ठेवणारं रसायन जागेवरच टाका आणि लेबलवर वेळ लिहा. साहेबांच्या त्या बाटलीवर नुसती तारीख होती.