डेबियन सिडवर फुल-अपग्रेड केलं की प्लाझ्मा उडवायला निघतंय, आता फॉर्मॅटच मारू का?

फॉर्मॅट नका मारू. सिड म्हणजे डेबियन लिनक्सची सतत बदलत राहणारी, कच्ची आवृत्ती, तिथे असं होतंच. तुम्ही लिहिलंय की दोन आठवड्यांनी अपग्रेड करायला घेतलं तर ॲप्ट (पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्राम) १४० पॅकेजेस काढतो म्हणतंय, त्यात प्लाझ्मा-डेस्कटॉप, म्हणजे अख्खा केडीईचा डेस्कटॉप पण आहे, आणि प्लाझ्मा वेगळं टाकायला गेलं की 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' असा एरर येतो. तो वाचून तुम्ही होल्ड (म्हणजे मुद्दाम जागच्या जागी गोठवून ठेवलेलं पॅकेज) शोधत बसला असाल आणि ॲप्ट-मार्क शोहोल्ड रिकामं आलं असेल, बरोबर? त्या वाक्याने भल्याभल्यांना फिरवलंय. अर्थ एवढाच की ॲप्टला मेळ बसवता आला नाही, तुम्ही काही होल्ड केलेलं असेलच असं नाही. (कमांडी मराठीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.)

मी हा मार खाऊन बसलोय. मार्च २०२४, सिडमध्ये टी६४ चं ट्रान्झिशन चालू होतं, म्हणजे २०३८ साली ३२ बिटमधली वेळ मोजायची जागा संपणार म्हणून ती ६४ बिटची करायची, आणि त्यासाठी शेकडो लायब्ररींची नावं बदलली, लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं, तसं. नव्या नावाचं आलं की जुनं काढावंच लागायचं, त्यामुळे साधं अपग्रेड अडून बसायचं (ते काही काढतच नाही) आणि फुल-अपग्रेड ही भलीमोठी यादी तोंडावर फेकायचं. रोज तीच यादी बघून वैताग आला आणि एका रात्री वाय (म्हणजे हो) दाबलं. लायब्ररी होत्या त्या ठीक होत्या हो, पण मधेच नेटवर्क-मॅनेजर होतं ते मी वाचलंच नाही. रीबूट केलं तर लॉगिन स्क्रीन गायब, वायफाय गायब. मग मोबाईल केबलने जोडून टेदरिंग चालू केलं, डीएचक्लायंट या कमांडने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळवला, ॲप्टच्या हिस्टरी लॉगमधून 'रिमूव्ह' ची ओळ काढली आणि एकेक पॅकेज परत टाकत पहाटेचे तीन वाजवले.

तेव्हापासून यादी नीट वाचतो. काढायच्या यादीत नुसत्या लायब्ररी असतील आणि त्यांच्या नव्या नावाच्या जोड्या टाकायच्या यादीत दिसत असतील तर जाऊ द्या पुढे. आपण वापरतो असं काही दिसलं की एन (म्हणजे नाही).

मग नेमकं कोण अडवतंय ते शोधा. ॲप्ट इन्स्टॉल मायनस एस आणि पुढे प्लाझ्मा-डेस्कटॉप, मायनस एस म्हणजे नुसती रंगीत तालीम, प्रत्यक्षात काही बदलत नाही. ते म्हणेल की अमक्याला तमुक पाहिजे. मग तमुकला तसंच विचारा, दोन-तीन पायऱ्यांत बहुतेक तळ लागतो. माझ्याकडे मागे तळाला वाईन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं) निघालं. वडिलांचं जुनं मराठी टायपिंगचं विंडोज सॉफ्टवेअर आहे, युनिकोडच्या आधीचं, त्यातल्या फाइली दुसरीकडे उघडल्या की अक्षरांची खिचडी होते, त्याच्यापायी ३२ बिटचं आय३८६ ठेवावं लागलंय. आणि एकच लायब्ररी ६४ आणि ३२ बिट अशी दोन्ही असेल तर दोन्हीचं व्हर्जन तंतोतंत एकच लागतं. एएमडी६४ वरची, म्हणजे ६४ बिटची, बिल्ड होऊन आली होती, आय३८६ वाली अजून रांगेत होती, एवढ्यावरून अख्खा डेस्कटॉप लटकला! केलं काय, तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अपडेट मारलं आणि सगळं निमूट गेलं. सिडवर बहुतेक वेळा असंच असतं, चूक तुमची नसते, आर्काइव्हच (डेबियनचं पॅकेजेसचं भांडार) अर्धवट अवस्थेत असतं.

पण ॲप्ट पॉलिसीत (पॅकेज कुठून आलं ते सांगणारी कमांड) अडवणारं पॅकेज बाहेरच्या रेपोतून, म्हणजे दुसऱ्या भांडारातून आलेलं दिसलं, उबंटूचं पीपीए वगैरे, किंवा कुठल्यातरी साइटवरून उतरवलेली डेब फाइल असेल, तर थांबून काही होणार नाही. ते काढाच.

अगदीच घाई असेल तर स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्ग वर जुन्या तारखांचं सगळं आर्काइव्ह मिळतं, सोर्सेसमध्ये (ॲप्टच्या भांडारांच्या यादीत) ती तारीख टाकायची आणि चेक-व्हॅलिड-अंटिल नो करायचं, नाहीतर ॲप्ट मुदत संपली म्हणून नाक मुरडतं. डीपीकेजीला (ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज टाकणारा प्रोग्राम) फोर्स-डिपेंड्स, म्हणजे लागणारी पॅकेजेस जुळत नसली तरी जबरदस्तीने टाक, असं मात्र सांगू नका, आजचं भांडण पुढच्या प्रत्येक अपग्रेडला उकरून निघेल. फोर्स-ओव्हरराइट वेगळं, दोन पॅकेजेस एकाच फाइलवर हक्क सांगत असतील तेव्हा चालतं, तेही बग ट्रॅकरवर नजर टाकून.

ॲप्ट पॉलिसी प्लाझ्मा-डेस्कटॉप आणि त्या मायनस एस चं आउटपुट इथे खाली टाका, आणि डीपीकेजीला प्रिंट-फॉरेन-आर्किटेक्चर्स विचारून आय३८६ येतंय का तेही सांगा. मला तरी तिथेच घोळ वाटतोय.