स्वयंपाकघरातले प्रश्न : बाथ, तवसळी आणि सादळलेली बिस्किटे

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे पावसाळ्यात लिहिलेली आहेत आणि त्यांतले विषयही त्या ऋतूला साजेसे आहेत. घरच्यांसाठी भाजायचे गोड पदार्थ, मुलांच्या डब्यातला खाऊ आणि तोंडाला चव नसताना खावेसे वाटणारे साधे जेवण यांविषयी वाचकांनी विचारले आहे. पत्रे एकत्र ठेवून वाचली तेव्हा जाणवले की यांतल्या बऱ्याच अडचणींचे मूळ ओलाव्यात आहे. गोव्यातल्या आपल्या पाककृतींत ओला नारळ, गूळ, तवशे (मोठी काकडी), फणस असे पाणी सोडणारे जिन्नस असतात. छापील पाककृतींतली मापे आणि वेळा मात्र बहुतेक वेळा मैदा, साखर आणि कोरडी हवा गृहीत धरून दिलेल्या असतात. पुढची उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

डिचोलीहून एक वाचिका विचारतात : ताई, नाताळात शेजारच्या घरून आलेला बाथ (रवा-नारळाचा केक) मुलांना फार आवडला, म्हणून मी तो घरी करू लागले. वरून रंग सुरेख येतो, परंतु मधला भाग चिकट राहतो आणि सुरी लावली की तुकडे पडतात. सासूबाई अंडे खात नाहीत; त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केला तर त्याचा भुगाच होतो. कोणते प्रमाण घ्यावे?

प्रमाण सांगण्याआधी वेळेविषयी सांगायला हवे, कारण आपल्या पत्रात मिश्रण भिजवून ठेवल्याचा उल्लेख कोठेच नाही. रव्याचा दाणा पाणी सावकाश शोषतो, त्यामुळे मिश्रण कालवून लगेच भाजले तर बाहेरचा थर उष्णतेने आवळला जातो, मध्यभागी मात्र नारळाचा आणि साखरेचा ओलावा तसाच अडकून राहतो. ख्रिस्ती घरांतून बाथ करण्याची जुनी रीत या दृष्टीने अतिशय शहाणपणाची आहे. तेथे साखरेच्या गरम पाकात वाटलेला नारळ, रवा आणि लोणी घालून ते मिश्रण रात्रभर झाकून ठेवतात आणि अंडी दुसऱ्या दिवशी घालतात. पावसाळ्यातल्या दमट, उबदार हवेत ओल्या नारळाचे मिश्रण रात्रभर बाहेर ठेवू नये. ते पूर्ण निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे आणि भाजण्याच्या तासभर आधी बाहेर काढावे.

आता प्रमाण. पाव किलो बारीक रवा, दोनशे ग्रॅम साखर, एक कप पाणी, काळी पाठ काढून जाडसर वाटलेला सुमारे दोनशे ग्रॅम ओला नारळ, शंभर ग्रॅम लोणी, तीन अंडी, एक लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलची. नारळ वाटताना पाणी मुळीच घालू नये. अंड्यांचे बलक आणि पांढरे वेगळे करावे, बलक आधी मिसळावेत आणि फेसलेले पांढरे शेवटी हलक्या हाताने घालावे, म्हणजे जड मिश्रणाला थोडी हवा मिळते. वीस सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात हे मिश्रण १६० ते १७० अंश सेल्सिअसवर पाऊण ते एक तास भाजावे. आपल्या बाथाला रंग लवकर येतो आणि आत तो कच्चा राहतो, याचा अर्थ आच जास्त आहे. वीस अंशांनी ती उतरवावी, वेळ वाढवावा आणि रंग पुरेसा आला की वर कागद किंवा फॉइल सैल ठेवावा. मध्यभागी खुपसलेली काडी कोरडी निघाली तरी बाथ लगेच कापू नये. गरम असताना त्यातले लोणी पातळ असते आणि रव्याचे कण एकमेकांना नीट धरत नाहीत, म्हणून तो पूर्ण निवू द्यावा. माझ्या मते तो दुसऱ्या दिवशीच खरा चांगला लागतो.

सासूबाईंसाठी वेगळी पाककृती शोधण्याची आवश्यकता नाही. भिजवलेल्या मिश्रणाचे अंडी घालण्यापूर्वीच दोन भाग करावेत. रव्याला मैद्यासारखा चिकटपणा नसतो; त्याला बांधून ठेवण्याचे काम अंडे करते, आणि ते काढून टाकून त्याच्या जागी काहीच घातले नाही तर भुगा होणारच. अर्ध्या मिश्रणात सहा मोठे चमचे घट्ट दही, दोन मोठे चमचे मैदा आणि पाव लहान चमचा खाण्याचा सोडा घालावा. या भागाला बेकिंग पावडर लागणार नाही. दह्यातले आम्ल आणि सोडा एकत्र येताच वायू तयार होऊ लागतो, म्हणून सोडा घातल्यावर डबा वाट पाहत ठेवू नये. ओव्हन आधीच तापलेला असावा.

फोंड्याहून एक वाचक विचारतात : पत्नी बाहेरगावी नोकरीला असल्यामुळे घरचा स्वयंपाक मी पाहतो. आईच्या हातची तवसळी (तवशाचा गोड केक) मुलींना करून घालावी अशी इच्छा आहे, पण घरी ओव्हन नाही. शिवाय मागच्या वेळी तवसळी कडू झाली.

कडूपणाचे आधी पाहू. तवशासकट या कुळातल्या फळांत कुकर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत आणि गुळाने झाकलीही जात नाहीत. किसण्यापूर्वी तवशाची देठाकडची आणि मधली अशी दोन्हीकडची फोड जिभेवर ठेवून पाहावी. केवळ देठाकडचा भाग किंचित कडवट असेल तर तेवढा कापून टाकावा. सगळेच तवशे कडू असेल तर ते फेकून द्यावे, कारण अतिशय कडू तवशे खाल्ल्याने पोट बिघडून त्रास होऊ शकतो, आणि लहान मुलींच्या बाबतीत तर काटकसरीचा विचारच करू नये.

दोन कप तवशाचा कीस, एक कप खमंग भाजलेला तांदळाचा रवा, पाऊण कप किसलेला गूळ, अर्धा कप खवलेला नारळ, मीठ आणि वेलची किंवा जायफळ हे प्रमाण पुरेसे आहे. कीस पिळू नये आणि वरून पाणीही घालू नये. कीस, गूळ आणि नारळ कालवून पंधरा मिनिटे ठेवले की गूळ किसातले पाणी ओढून घेतो आणि मिश्रणाचा खरा सैलपणा तेव्हा कळतो; रवा त्यानंतरच घालावा आणि अर्धा तास भिजू द्यावा. पळीतून घसरून पडेल, पण वाहणार नाही इतपत मिश्रण हवे. माडाचा काळा गूळ मिळाला तर तोच घ्यावा, त्याची धुरकट चव उसाच्या गुळाला येत नाही.

ओव्हन नसल्याची खंत बाळगू नये, कारण ही तवसळी ओव्हन येण्यापूर्वीपासून आपल्याकडे होते. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे, अशी ती पूर्वी भाजत असत. आजच्या गॅसवर जाड बुडाचे पातेले लोखंडी तव्यावर ठेवावे, आत हळदीचे पान तूप लावून अंथरावे, मिश्रण दोन बोटांहून जाड ओतू नये आणि घट्ट झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. झाकणाला फडके बांधले की वाफेचे पाणी पुन्हा मिश्रणावर ठिबकत नाही. फडक्याची टोके मात्र वर गाठ मारून ज्योतीपासून दूर ठेवावीत. कुकरमध्ये पाणी न घालता भाजण्याची पद्धत आजकाल बरीच सांगितली जाते, ती मला पसंत नाही. कोरडा तापलेला कुकर पुढे वाफेच्या कामाला भरवशाचा राहत नाही. वरची बाजू तांबूस व्हावी असा आग्रह नसेल तर मोदकपात्रात अर्धा तास वाफवूनही उत्तम तवसळी होते. वड्या निवल्यावर कापाव्यात आणि वर साजूक तूप द्यावे. पावसाळ्यात ती त्याच दिवशी संपवावी.

पणजीहून एक वाचिका विचारतात : मुलांच्या डब्यासाठी केलेली नाचणीची बिस्किटे दुसऱ्या दिवशी सादळतात. बाजारची कुरकुरीत राहतात, मग घरची का नाही?

बाजारच्या पुड्याला हवाबंद वेष्टन असते आणि आपल्या डब्याचे झाकण दिवसातून अनेकदा उघडले जाते. साखर आणि गूळ हवेतला ओलावा ओढतात, त्यातही गूळ अधिक. पावसाळ्यापुरता गुळाऐवजी पिठीसाखरेचा वापर करावा, बिस्किटे पातळ लाटावीत आणि ती पूर्ण निवल्याखेरीज डब्यात भरू नयेत, कारण कोमट बिस्किटांची वाफच त्यांना मऊ करते. एका मोठ्या डब्यापेक्षा तीन-चार लहान डबे बरे. सादळलेली बिस्किटे १५० अंशांवर सहा-सात मिनिटे पुन्हा भाजून निववली की पूर्ववत होतात. नाचणीत ग्लुटेन नसल्यामुळे केवळ तिच्या पिठाची बिस्किटे फुटतात, म्हणून निम्मी कणीक घालावी.

मडगावहून एक वाचिका विचारतात : सासरे नुकतेच दीर्घ आजारातून उठले आहेत. डॉक्टरांनी मऊ आहार सांगितला आहे, पण त्यांना खिचडी आणि सूप नकोसे झाले आहे. ते सारखी पेजेची आठवण काढतात. पेज पौष्टिक असते का, आणि तिच्याबरोबर काय द्यावे?

ते पेज मागत आहेत, तेव्हा पेजच द्यावी. आजारातून उठलेल्या माणसाने आपण होऊन एखाद्या पदार्थाचे नाव घेणे हे भूक परत येत असल्याचे लक्षण असते, आणि अशा वेळी पौष्टिकतेचा हिशेब पानातल्या दुसऱ्या पदार्थाकडून पुरा करून घ्यावा. उकडे तांदूळ धुऊन तासभर भिजवावेत आणि एका वाटीला सात-आठ वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवावेत. शीत फुलून चिरले पाहिजे, पण त्याचा लगदा होता कामा नये. कुकरमध्ये पेज लवकर होते हे खरे असले तरी तिचे निवळ आणि शीत यांतला फरक त्यात राहत नाही, आणि जुन्या माणसांना तो फरक जिभेवर बरोबर कळतो.

गोव्यात पेजेबरोबर मिठातल्या कैऱ्या, लोणचे किंवा किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची (कोळंबीची) कोशिंबीर, असतेच, आणि सासरेबुवा बहुधा पेजेइतकीच तिचीही वाट पाहत असतील. हे सगळेच जिन्नस खारट आहेत. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नयेत. मीठ चालत असेल तर सुंगटे नीट धुऊन, भाजून, भरपूर ओला नारळ आणि थोडे आमसूल घालून किसमूर करावी. शाकाहारी घरात मुगाचे किंवा अळसांद्याचे (चवळीसारख्या कडधान्याचे) मऊ शिजवलेले, कमी तिखट तोंडाक (रसदार उसळ) द्यावे. पेजेत न मिळणारी प्रथिने त्यातून मिळतील.

सकाळच्या वेळी तिझान करून पाहावे. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ अर्धा कप थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावे, एक कप उकळत्या पाण्यात ओतून पाच-सात मिनिटे ढवळत शिजवावे, मग चवीपुरता गूळ आणि गॅस बंद केल्यावर पाव कप नारळाचा दाट रस घालावा. रस घातल्यावर उकळी आणली तर तो फुटतो. मधुमेह असेल तर गूळ वगळून मीठ आणि ताक घालून हेच करता येते. त्या वेळी नारळाचा रस घालू नये. पातळ पदार्थ गिळताना त्यांना ठसका लागत असेल, तर मात्र घरगुती उपाय न करता ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

म्हापशाहून एक वाचिका विचारतात : बेबिंका घरच्या ओव्हनमध्ये करता येईल का? माझे थर एकमेकांत मिसळतात.

करता येईल, परंतु ओव्हनची फक्त वरची कॉइल चालू ठेवावी लागेल. बेबिंकेचा प्रत्येक थर वरून येणाऱ्या उष्णतेने भाजतो. जुन्या पद्धतीत त्यासाठी भांड्याच्या वर नारळाच्या करवंट्यांचे किंवा सोडणांचे निखारे ठेवतात. आधीचा थर वरून चांगला तांबूस होऊन घट्ट झाल्यावरच त्यावर चमचाभर तूप सोडावे आणि पुढचा थर ओतावा. आपण बहुधा घाई करत आहात. अंड्यांचे बलक, नारळाचा दाट रस, साखर, मैदा, तूप आणि जायफळ एवढ्याच जिनसांचा हा पदार्थ आहे आणि तो जो काही होतो तो या वाट पाहण्यानेच होतो. दुपारभर ओव्हनपाशी उभे राहणे जमणार नसेल तर बेबिंका विकत आणण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि घरोघरी ती करून विकणाऱ्या कुशल स्त्रिया आपल्या भागात निश्चित सापडतील.

काणकोणहून एक वाचक विचारतात : पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेले उंडे (गोल पाव) आणि पोया (कोंड्याचे पाव) रोज दोन-तीन उरतात. फ्रीजमध्ये ठेवले तर चामट होतात, बाहेर ठेवले तर बुरशी येते.

पावातला स्टार्च फ्रीजच्या तापमानात बाहेरच्यापेक्षा लवकर घट्ट होतो, त्यामुळे पाव एकतर त्या दिवशी बाहेर ठेवावा किंवा थेट फ्रीझरमध्ये. तेथून काढल्यावर पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवून गरम करावा. बुरशीचा ठिपका दिसलेला पाव तेवढा भाग काढून खाऊ नये; तंतू न दिसता आतवर पसरलेले असतात. कोरड्या पण चांगल्या उंड्यांचे पुडिंग मुलांना आवडेल : तीन उंड्यांचे तुकडे दोन कप दूध, दोन अंडी, पाच-सहा चमचे साखर आणि जायफळ यांच्या मिश्रणात अर्धा तास भिजवून, तूप लावलेल्या डब्यात झाकून चाळीस मिनिटे वाफवावे. पोयांना कोंडा असतो, त्या पुडिंगात खरखरीत लागतात. त्यांचे तुकडे मंद आचेवर कुरकुरीत भाजून संध्याकाळच्या चहाबरोबर द्यावेत.