एक्स-रे नॉर्मल आला, तरी पडल्यापासून मनगट दुखतंय. काय करावं?

गाडीवरून पडताना तळहात टेकला, एक्स-रे नॉर्मल आला, पण नऊ दिवस झाले तरी अंगठ्याकडची बाजू दुखते, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक करून बघा. अंगठा वर ताणा. त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, दोन शिरा ताठ होऊन मध्ये खळगा पडतो, पूर्वी तपकीर ठेवून ओढायचे तो. तिथे हलकेच दाबा. नेमकी तिथेच कळ येत असेल, तर त्या रिपोर्टवर विसंबून राहू नका.

त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं काजूच्या आकाराचं हाड असतं. तुकडे जागचे हलले नसतील तर त्यातली बारीक चीर पहिल्या एक्स-रेत चुकू शकते. दहा-चौदा दिवसांत चिरेच्या कडा थोड्या विरतात, तेव्हा ती रेघ उमटते.

हे मी सोसून शिकलोय. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतो. जिन्यावरून घसरलो, हात टेकला. एका दवाखान्यात फोटो काढला, "मुका मार आहे" म्हणाले, पट्टी बांधली. वर मी मालिशही करून घेतली. चार महिने धागा सांधताना, अगदी कडक भाकरी मोडतानाही कळ जायची. शेवटी सीटी स्कॅनमध्ये दिसलं, हाड जुळलंच नव्हतं. कमरेचं हाड घेऊन, स्क्रू घालून ऑपरेशन करावं लागलं. या हाडाला रक्त मुख्यतः अंगठ्याकडच्या टोकातून शिरून मागे येतं. चीर पडली की मागचा तुकडा उपाशी राहतो, वेळेत आधार नाही मिळाला तर मरतोसुद्धा. सुरुवातीला नुसत्या प्लास्टरवर भागण्यासारखं होतं, याचंच मला वाईट वाटतं.

म्हणून हाडांच्या डॉक्टरांनाच गाठा. खळगा दाबल्यावर दुखतं हे स्वतःहून सांगा आणि स्कॅफॉइडसाठीचे वेगळे एक्स-रे काढायचे का, विचारा. त्यात मनगट करंगळीकडे वळवून फोटो घेतात. एमआरआयमध्ये अशी चीर लगेच कळते. तो खर्च आत्ता झेपत नसेल तर हाड मोडलंय असं धरूनच प्लास्टर किंवा स्प्लिंट घालून ठेवतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढतात. तोही स्वच्छ आला आणि दुखणं तसंच असलं, तर मात्र एमआरआय टाळू नका. बोटं बधिर झाली तर तेवढंही थांबायचं नाही.

तोवर मालिश नको, वजन उचलणं नको. बिडी-सिगारेट ओढत असाल तर बंद करा, हाड जुळायला अडथळा येतो. जाताना पहिली फिल्म सोबत न्या.