वाचक विचारतात : सेवेतला ‘मी’

प्रश्न : आमचा तरुण संघ दर नाताळात मेडिकलच्या वॉर्डांत फळं वाटतो. फोटो ग्रुपवर पडतात आणि घरी आल्यावर ते किती जणांनी पाहिले, हेच मी बघत बसतो. असल्या सेवेपेक्षा ती बंद केलेली बरी का?
– एक वाचक, मोहननगर

उत्तर : बंद करू नका, दादा. घरी बसून स्वतःच्या मनाची उलटतपासणी करत राहिलात, तरी लक्ष स्वतःवरच राहणार. बदलायची ती पद्धत. फळवाटपात काय द्यायचं, कधी आणि कोणाला, हे सगळं देणाराच ठरवतो. म्हणून ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या माणसाच्या उशाशी केळी येतात, आणि त्याचा भाऊ व्हरांड्यात न जेवता बसून राहतो. बार्तीमय आंधळा आहे हे यरीहोच्या वाटेवर सगळ्यांना दिसत होतं. तरी येशूने त्याला विचारलं, तुझ्यासाठी मी काय करावं (मार्क 10:51). तुम्हीही आधी विचारा.

आठवड्यातून 2 तास, एकच वार, निदान 3 महिने एवढं ठरवून टाका. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटून परवानगी घ्या आणि ते सांगतील ते काम करा. आपली योजना काखेत मारून जाऊ नका. गडचिरोली, गोंदिया, बालाघाटहून आलेल्या माणसाला केस पेपर कुठे काढायचा, एक्स-रेची रांग कोणती, हे दाखवणारं कोणी हवं असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड मागतात, आणि नेमकं एखादं गावी राहिलेलं असतं. फोन लावून ते मागवून घेण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल आणि त्याचा फोटो काही निघणार नाही.

‘कोणी पाहिलं का’ या दुखण्यावर रक्तदान तर नामी उपाय, कारण बाटली कोणाला लागली ते कळतच नाही. वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 च्या वर. दोन वेळांत पुरुषांनी 3 आणि स्त्रियांनी 4 महिन्यांचं अंतर ठेवायचं.

प्रार्थना रुग्णाने मागितली तरच, आणि हळू आवाजात. पत्रकं वॉर्डात नकोतच. खाटेवरच्या माणसाला ‘नको’ म्हणणं जड जातं.

प्रश्न : पवित्र गुरुवारी मंडळीत पाय धुण्याचा विधी होतो. यंदा महिला मंडळाला कुष्ठरुग्णांच्या वस्तीत जाऊन पाय धुवायचे आहेत. काय काळजी घ्यावी?
– महिला मंडळ, जरीपटका

उत्तर : एकाच दिवसासाठी जाणार असाल तर विधी मंडळीतच करा, बायांनो. त्या पायांना रोजची निगा लागते. नसा बधिर झाल्या की चटका, काटा, चपलेतला खडा काहीच कळत नाही. घाम येत नाही म्हणून कातडी कोरडी पडते, भेगाळते, आणि दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत पोचते. लागण होईल ही भीती मात्र मनातून काढा. बहुऔषधोपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो, आणि तो सुरू झाला की लवकरच रुग्णापासून लागण होत नाही.

घमेल्यात साधं, गार पाणी घ्या. प्रेमापोटी कोणीतरी गरम पाणी आणतंच, आणि बधिर पाय भाजला तरी रुग्णाला कळत नाही. पाय सुमारे 20 मिनिटं बुडवून ठेवा, मग टाचेची आणि तळव्याची जाड कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासा. ब्लेड लावू नका. नंतर पाय खसखसून पुसायचा नाही. पाणी निथळलं की ओलसर कातडीवरच खोबरेल तेल चोळायचं, म्हणजे ओल आत टिकते. बोटांच्या बेचक्या आणि तळवा उजेडात नीट बघा. जखम दिसली तर साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाची पट्टी बांधा आणि त्या पायाला विश्रांती द्यायला सांगा, कारण चालत राहिलं तर जखम भरत नाही. सूज, पू, घाण वास, किंवा हातापायात नव्याने आलेला अशक्तपणा असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

मधुमेहाच्या पायांना हा उपाय चालत नाही. ते भिजत न ठेवता धुवायचे आणि बोटांमधली जागा कोरडी करायची. म्हणून आधी विचारून घ्या.

दुसऱ्या खेपेपासून दगड रुग्णाच्याच हातात द्या. हाताची बोटं आखडली असतील तर घरातल्या कोणाला तरी शिकवा. महिन्या-दोन महिन्यांत तुमच्यावाचून त्यांचं अडेनासं झालं, तर काम नीट झालं. नेमकं तेव्हाच मंडळातल्या काहींना रुसवा येतो, असं बऱ्याच ठिकाणी होतं. आणि रुग्णांनी चहा पुढे केला तर प्या. दुसऱ्याकडून सेवा करून घेतानाही ‘मी’ आडवा येतो. येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्र आधी ‘माझे पाय नको’ म्हणालाच होता (योहान 13:8).

प्रश्न : माझे यजमान प्रार्थना सभा, संडेस्कूल, देणग्या यांत दिवसभर असतात. घरी सासूबाई आजारी, पण त्यांना साधं पाणीही नेऊन देत नाहीत. बोललं की म्हणतात, मी प्रभूचं काम करतो.
– एक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, ही सबब जुनी आहे. आईबापांना द्यायचं ते देवाला ‘कुर्बान’ केलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने चांगलंच सुनावलं होतं (मार्क 7:9–13). पाळकसाहेबांना विश्वासात घ्या. त्यांच्याकडून गेलेला शब्द ऐकला जाईल. यजमानांना ‘मदत करा’ म्हणू नका, तो उपकार ठरतो. एक काम पूर्ण त्यांच्या नावावर टाका आणि विसरले तरी तुम्ही उठून करू नका. औषध चुकवून चालणार नाही, पण कूलर चालेल. मे महिन्यात सासूबाईंच्या खोलीतला कूलर सकाळ-संध्याकाळ भरायचा आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या. डेंग्यूच्या डासांची अंडी कडांनाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.