‘स्पिन करंट’: प्रवाह की वहन?

प्रश्न असा आहे : “चुंबकीय इन्सुलेटरवर प्लॅटिनमचा पातळ थर दिला की इन्सुलेटरमधून धातूत ‘स्पिन करंट’ जातो, असं वाचलं. इन्सुलेटरमधून करंट जाईलच कसा? आणि याला मराठीत ‘फिरकीप्रवाह’ म्हटलं तर चालेल का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नको. फिरकीशी माझं वैर नाही, गोलंदाजाच्या हातात ती शोभते. पण ‘फिरकीप्रवाह’ हा समास मराठी कान ‘गरगर फिरणारा प्रवाह’ असा सोडवतो आणि डोळ्यांपुढे येतो नदीतला भोवरा. आपल्याला हवा आहे षष्ठी तत्पुरुष : स्पिनचा प्रवाह. ‘परिवलनप्रवाह’ची गतही तीच. शिवाय परिवलन म्हटलं की भूगोलाच्या पुस्तकातली स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी आठवते. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगभूत कोनीय संवेग (फिरण्याचा जोर म्हणा), पण इलेक्ट्रॉन तसा फिरत नाही. उलेनबेक आणि गाउडस्मिट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला ही कल्पना मांडली तेव्हा चित्र तसंच होतं, पण हिशेब केला तर त्या गोळ्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगानं फिरायला लागतो. चित्र बाद झालं, नाव राहिलं. तेव्हा ‘स्पिन’ तसाच राहू द्या. हिंदीतलं ‘प्रचक्रण’ उचलून तर अजिबात आणू नका.

खरी गोम ‘करंट’मध्ये आहे. करंट म्हणजे वीज हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की इन्सुलेटरशेजारी तो शब्द आला की खटकतोच. त्यात इन्सुलेटरला ‘विसंवाहक’ म्हटलं की काहीच वाहून नेत नाही असं वाटतं. हिऱ्यातून वीज जात नाही, उष्णता मात्र तांब्याहूनही झपाट्यानं जाते. म्हणून मी ‘विद्युतरोधक’ म्हणेन. काय अडतं ते शब्दातच आलं, बाकीच्याला वाट मोकळी.

मराठीत ‘वाहणे’ दोन प्रकारचं. पाणी वाहतं, तेव्हा ते स्वतःच पुढे जातं. हमाल ओझं वाहतो, तेव्हा पुढे जायचं असतं ते ओझं. ‘प्रवाह’ पहिल्या अर्थाकडे झुकतो, ‘वहन’ दुसऱ्या. शाळेत उष्णतेचं वहन शिकलो तेव्हा हेच सांगितलं होतं : कण जागा सोडत नाहीत, उष्णता एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

स्लॅब पडताना बघा. शिडीवर गडी ओळीनं उभे, घमेलं हातोहात वर जातं, गडी जागच्या जागी. या प्रयोगांतला लाडका विद्युतरोधक म्हणजे यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांचा गार्नेट. (नवरत्नांतला गोमेद याच कुळातला.) त्यातले इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला बांधलेले. पण एकाचा स्पिन जरा कलला की शेजारचा कलतो, मग त्याच्या शेजारचा. ही लाट पुढे सरकते. तिच्या एका पुंजाला (क्वांटमला) मॅग्नॉन म्हणतात. घमेल्यात असतो तो कोनीय संवेग. सीमेवरचा शेवटचा गडी घमेलं प्लॅटिनममधल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या हाती देतो. सीमा ओलांडतो तो संवेग, इलेक्ट्रॉन नाही.

नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगनला २०१५ मध्ये हे छान दाखवलं गेलं. गार्नेटवर प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या, मधे धातूचा धागाही नाही. एकीत वीज सोडली, तर दुसरीत व्होल्टेज दिसलं, तेही खोलीच्या तापमानाला आणि पट्ट्या एकमेकींपासून ४० मायक्रोमीटर अंतरावर असतानाही. पहिल्या पट्टीतली वीज दुसरीत गेली नव्हती, स्पिन पोचला होता.

मग व्होल्टेज कुठून आलं? प्लॅटिनममध्ये ‘वर’ स्पिनचे इलेक्ट्रॉन एका दिशेनं निघतात आणि ‘खाली’ स्पिनचे तितकेच उलट दिशेनं. विजेची बेरीज शून्य. पण प्लॅटिनमच्या जड अणूंपाशी एक गट आपल्या डावीकडे वळतो, दुसरा आपल्या उजवीकडे. उठून करून बघा : पूर्वेकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला, पश्चिमेकडे केलं की उजवा हात उत्तरेला. उलट निघालेले दोन्ही गट एकाच काठाला जमतात आणि तिथे व्होल्टेज तयार होतं. याला स्पिन-हॉल परिणामाची उलटी बाजू म्हणतात. मूळ परिणामाचं, म्हणजे विजेपासून स्पिनप्रवाह तयार होण्याचं, भाकीत द्याकोनोव्ह आणि पेरेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७१ मध्येच केलं होतं.

तर गार्नेटमधल्या भागासाठी ‘स्पिनचं वहन’ लिहा. प्लॅटिनममध्ये इलेक्ट्रॉन स्वतःच स्पिन घेऊन निघतात, तिथे ‘स्पिनप्रवाह’ लिहायला माझी काही हरकत नाही.