प्लेट चिलर धुतला, तरी बिअर आंबली

प्रश्न : घरी बिअर करायला लागून मला तीन वर्षं झाली. आधी तांब्याच्या कॉइलने वर्ट, म्हणजे यीस्ट घालण्याआधीचा उकळलेला गोड काढा, गार करायचो. या उन्हाळ्यात प्लेट चिलर (पातळ पत्र्यांच्या थरांमधून वर्ट आणि थंड पाणी खेळवून वर्ट गार करणारं उपकरण) घेतला आणि लागोपाठ दोन बॅच आंबल्या. दर वेळी वापरण्याआधी स्टार सॅन (अॅसिडचं जंतुनाशक) फिरवतो, तरी असं का होतं? जुनी कॉइलही हिरवी पडली आहे. ती पितांबरीने घासू का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन बॅच ओतून देताना जीव किती हळहळतो, ते मी अनुभवलंय. पोर्टलंडला माझी एक पेल एल अशीच गेली. तेव्हा चिलर उलटा जोडला, म्हणजे वर्ट ज्या तोंडातून बाहेर पडतो तिथे नळी लावली, आणि पांढऱ्या बादलीत पाणी सोडलं. आधी नितळ पाणी आलं. मग चिलर हातात धरून गदागदा हलवला, तळहाताने थोपटला, तेव्हा कुठे हिरवट-तपकिरी चोथा पडायला लागला. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, भुगा आणि साकळलेली प्रथिनं. वास शिळ्या ताकासारखा. तो चिलर मी तीन आठवड्यांपूर्वी ‘धुऊन’ ठेवला होता!

स्टार सॅन जंतू मारतं, खरकटं काढत नाही. खरकट्याच्या थराखाली ते पोचतही नाही. तुमच्या चिलरमध्येही असंच काहीतरी अडकलं असणार.

वर्ट गार झाला की लगेच, आतलं वाळायच्या आत, चिलरमध्ये उलटं गरम पाणी सोडा. मग साधारण ६० अंश सेल्सिअसचं पीबीडब्ल्यूचं (बिअरची भांडी धुण्याच्या पावडरीचं) पाणी पंपाने अर्धा तास फिरवा, मधेच दिशा बदला, आणि पुन्हा पाणी सोडा. बादलीत एकही कण पडेनासा होईपर्यंत थांबू नका. नंतर पाणी पूर्ण निथळू द्या. पुढच्या वेळी उकळीची शेवटची पंधरा मिनिटं उकळता वर्टच चिलरमधून फिरवून परत भांड्यात सोडा. अॅसिड पोचत नाही तिथे उष्णता पोचते, म्हणून माझा भरवसा यावर जास्त. पंपाची सोय नसेल, तर स्वच्छ चिलरमध्ये स्टार सॅन पुरेल. प्रमाण ५ गॅलनला १ औंस. हॉप्स मात्र पिशवीत बांधूनच उकळा, निम्मा त्रास तिथेच संपतो.

आता कॉइल. तो हिरवा थर म्हणजे कळंक. तो विषारी असतो, काढायलाच हवा. पितांबरी नको, पावडर सांदीत राहते. व्हिनेगर किंवा आपली चिंच-मीठ लावून चोळा आणि खळखळून धुवा. तांब्याला नुसता तपकिरी रंग आला असेल तर राहू द्या. वर्ट मुळात आंबटसर असतो, त्यात कॉइल आपोआप उजळते. ब्लीच मात्र तांब्याला लावूच नका, ते काळं पडतं.

चिलर साफ झाल्याची खात्री होईपर्यंत पुढची बॅच कॉइलनेच गार करा. शेवटच्या पंधरा मिनिटांना ती उकळत्या वर्टमध्ये सोडली की तिला स्टार सॅनही लागत नाही.